तंबूत कला, रस्त्यावर भीक

सर्कशीवर लिहायला या पानांत जागा मागते म्हणून आपल्यातल्या काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पोरांच्या शिष्यवृत्त्या थकल्यात, भरत्या बंद, निळा झेंडा लावला म्हणून गावोगाव डोकी फुटतात, आणि ही बाई पोरीला घेऊन सर्कस बघून आली अन् तेच लिहायला बसली! पडू द्या आठ्या. मी त्या तंबूत जात बघितली. तिच्यावर रंगीत दिवे सोडलेले होते, एवढंच.

यंदाच्या हिवाळ्यात खाप्याला एक सर्कस उतरली. लहान सर्कस. चार खांबांचा तंबू, ठिगळांची कनात, पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या, मागं फळ्यांची गॅलरी. खापा म्हणजे कन्हानच्या काठचं विणकरांचं जुनं गाव. या नागपूर मुलखात कोष्टी विणत तसे आपले महारही विणत. बारीक सूत त्यांचं, जाडंभरडं आपलं. (कापडालाही वर्ण होता, त्यावर एकदा वेगळं लिहायला पाहिजे.) आता मागाचा खटका ऐकायचा तर कान लावून उभं राहावं लागतं. माणसं गुमगावच्या मँगनीज खाणीवर जातात, संत्र्याच्या बागांत रोजीनं जातात, पहाटेच्या बसनं नागपूर गाठतात. अशा गावात ऑटोवर भोंगा फिरला की लेकरं भाकर खायची विसरतात. माझी आठ वर्षांची पोट्टी तीन दिवस पदराला लटकून होती. शंभर-शंभराची दोन तिकिटं काढली अन् गॅलरीत जाऊन बसलो.

वाघ-सिंह आता कुठल्याच सर्कशीत नाहीत. १९९८ साली केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ साली सुप्रीम कोर्टातही हरले. चांगलं झालं. चाबकाच्या आवाजावर स्टुलावर चढणारा सिंह बघून कुणाचं लेकरू शहाणं झालेलं नाही. पण जनावर गेल्यावर सर्कशीत दाखवायला उरलं फक्त माणसाचं अंग. ते वाकवायचं, फेकायचं, झेलायचं, आगीच्या कड्यातून काढायचं.

आणि त्यांनी ते काय दाखवलं! उगीच नाक मुरडणार नाही. दोरीवर सायकल चालवणारी बाई होती. एका लोखंडी गोळ्यात दोन मोटारसायकली एकमेकींना न शिवता फिरत होत्या. एक मुलगी पाठीवरून मागं वाकली अन् तिची टाच तिच्याच कपाळाला लागली. शेवटी झुला. वर तंबूच्या पोटात दिवे, बँडच्या टेपवर ढोल, आणि वीस-बावीस वर्षांची पोरगी एका झुल्यावरून सुटून हवेत दोन गिरक्या घेऊन दुसऱ्या झुल्यावर उलट्या लटकलेल्या माणसाच्या मनगटात मनगट अडकवते. सगळा खेळ त्या मनगटांचा. बोटं धरली तर घामानं निसटतात, म्हणून मनगटाला मनगट. मी आईच्या डोळ्यांनी बघत होते, म्हणजे निम्मा वेळ डोळे मिटूनच होते. एकदा पकड चुकली. पोरगी खाली आली, जाळीत पाठीवर पडली, उसळली, पायावर उभी राहिली आणि हात वर करून हसली. तंबू टाळ्यांनी दणाणला.

माझी पोट्टी टाळ्या वाजवायची थांबली. म्हणाली, "आई, हिच्याखाली जाळी हाय. मंग त्या दिवशीच्या पोरीखाली काहून नव्हती?"

त्या दिवशीची पोरगी म्हणजे दिवाळीनंतर बाजाराच्या चौकात आलेली डोंबाऱ्याची पोरगी. परभणीकडचं बिऱ्हाड होतं. बापानं बांबूच्या दोन कैच्या उभ्या केल्या, मध्ये दोर ताणला, मायनं ढोलकं धरलं. सहा-सात वर्षांची पोरगी हातात आडवा बांबू घेऊन चढली. आधी अनवाणी गेली. मग पायाखाली थाळी घेऊन सरकत गेली. मग सायकलच्या जुन्या रिमवर पाय ठेवून, डोक्यावर तीन तांबे. खाली डांबराचा रस्ता अन् त्यावर गिट्टी. हातातला लांब बांबू तोल सांभाळतो, पण पडल्यावर वाचवत नाही. खेळ संपला तसा घोळका फुटला. माय ताट घेऊन फिरली तेव्हा निम्मे लोक मोबाईल खिशात घालून पाठ फिरवून चाललेले. दहाच्या दोन-चार नोटा, बाकी चिल्लर. संध्याकाळी गावात कुणाच्या तरी कोंबड्या हरवल्याची बोंब उठली आणि रातोरात त्या बिऱ्हाडाला हुसकून लावलं.

सर्कशीत आमच्या पुढच्या रांगेत गावातलेच एक सदगृहस्थ बसले होते. झुल्याचा खेळ संपल्यावर मागं वळून म्हणाले, "याला म्हणतात कला! नाही तर ते डोंबारी. भिकेचे धंदे." बिऱ्हाड हुसकायला जे पाच-सहा जण गेले त्यांत हेच पुढं होते. तंबूत शंभर रुपये मोजून त्यांना जे दिसलं, ते चौकात फुकट दिसत होतं तेव्हा दिसलंच नव्हतं.

हा त्या एका माणसाचा आंधळेपणा असता तर मी दोन शब्द सुनावून घरी आले असते. पण हे कायद्यात लिहून ठेवलंय. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा काढून बघा. भीक म्हणजे काय, याची व्याख्या करताना तो म्हणतो की सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा खेळ करून दाखवण्याच्या निमित्तानं का असेना, ती भीकच. पोलीस वॉरंटाशिवाय उचलू शकतो. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली हायकोर्टानं २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्याची बरीच कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. पण कायद्याचं नाव मुंबईचं, आणि तो जन्मला आपल्या राज्यात. म्हणजे बघा, खेळ तोच. कनात लावली, तिकिटाची खिडकी केली, तर तो व्यवसाय. कनात नसली, लोकांनी खेळ बघून मग पैसे टाकले, तर तो गुन्हा. वास्तविक आधी माल दाखवून मग दाम घेणारा दुकानदार जास्त प्रामाणिक म्हणायचा!

आता जरा इतिहास. महाराष्ट्रात सर्कशीचं नाव काढलं की विष्णुपंत छत्रे यांचं नाव निघतं. सांगलीकडच्या अंकलखोपचा हा ब्राह्मण, कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांचा घोड्यांचा शिक्षक. १८७९ साली मुंबईत किआरिनी या इटालियनाची सर्कस आली. हिंदुस्थानी लोकांना सर्कस जमायची नाही असं तो बोलला आणि छत्र्यांनी ते मनाला लावून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. १८८० साली त्यांनी संस्थानिकाच्या आश्रयानं आपली सर्कस उभी केली. घोडा त्यांना कळत होता, धमक होती, हे सगळं मान्य. पण इटालियनाला उत्तर द्यायला या देशाला १८८० साल उजाडावं लागलं का हो? दोरावर चालणारे, बांबूवर पोटाच्या आधारानं फिरणारे, कड्यातून अंग काढणारे लोक इथल्या प्रत्येक बाजारात पिढ्यानपिढ्या होते. त्यांना राजाश्रय नव्हता, त्यांना हाकारा होता. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं एकेक करून फिरस्त्या जातींची नावं त्यात घालत गेला. छत्रे तंबू ठोकत होते त्याच काळात अनेक फिरत्या जमातींना पोलीस पाटलाकडं हजेरी लावावी लागायची. एकाच देशात, एकाच दशकात, एकाचं फिरणं म्हणजे दौरा आणि दुसऱ्याचं फिरणं म्हणजे संशय.

मल्लखांबाचंही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट देवधर यांनी मल्लखांब पुन्हा उभा केला असं मानतात. आज त्याच्या संघटना आहेत, पंच आहेत, गुण आहेत. २०२२ साली पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडियाच्या स्पर्धेत मल्लखांब होता. होऊ द्या, आनंद आहे. माझी पोट्टी शाळेत मल्लखांब शिकली तर मी अडवणार नाही. पण तालमीतल्या सागवानी खांबावर तेल लावून चढला तर खेळाडू, आणि रस्त्यावरच्या बांबूवर उपाशीपोटी चढला तर भिकारी, हा निकाल कोणत्या पंचानं दिला?

हे वेगळंही होऊ शकतं, आणि ते झालेलं आहे. केरळात तेलिचेरीचा कीलेरी कुन्हीकण्णन हा थिय्या समाजाचा माणूस. तिथल्या वर्णव्यवस्थेनं हा समाज देवळाच्या बाहेर ठेवलेला. छत्र्यांची सर्कस तिकडं गेली, दोघांची गाठ पडली. पुढं १९०१ साली कुन्हीकण्णननं चिरक्कऱ्याला सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. तिथून निघालेल्या पोरापोरींनी देशभरच्या सर्कशी भरून टाकल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढं स्वतःच्या सर्कशी काढल्या. म्हणजे गावकुसाबाहेरच्या अंगाला छप्पर, गुरू आणि पगार मिळाला की तेच अंग कलावंताचं होतं. आमच्या डोंबारी-कोल्हाट्यांना, गोपाळांना मिळाली ती पोलिसाची वही.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो गुन्हेगारीचा शिक्का कायद्यानं पुसला. विमुक्त म्हणाले. कागदावरून पुसला, लोकांच्या डोक्यातून पुसायला कुणी गेलं नाही. मे २०१२ मध्ये आपल्याच नागपुरात, कळमन्यात, बाईचा वेश घेऊन पोट भरणाऱ्या तीन बहुरूप्यांना चोर समजून जमावानं ठेचून मारलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसाव्यांच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. खाप्यात कोंबड्यांवरून हुसकलं ते या माळेतलंच. फक्त त्या रात्री रक्त निघालं नाही.

आणि आता घरातली गोष्ट. बिऱ्हाड हुसकलं त्या रात्री आपली वस्ती काय करत होती? झोपली होती. जागी असलेल्यांपैकी काही जण म्हणाले, "बरं झालं, हे लोक घाण करतात." घाण करतात! हा शब्द आपल्याला कुणी कुणी आणि किती वर्षं लावला ते इतक्यात विसरलो? बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचं पुस्तक लिहिलं, त्याच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य हे तिघे एका ओळीत मांडले आणि तिघांचा हिशेब याच संस्कृतीकडं मागितला. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं दलित शब्दाची व्याख्या करताना दार सताड उघडं ठेवलं. त्यात फक्त एका जातीची वस्ती मावत नव्हती, सगळे पिळले गेलेले मावत होते. आता जयंतीच्या वर्गणीच्या यादीत तरी डोंबाऱ्याचं पाल दिसतं का? आपण दोन खोल्यांचं घर बांधलं, कंपाउंड घातलं, अन् कंपाउंडाबाहेर कोण झोपलंय ते विचारायचं सोडून दिलं. आपल्यातही एक गावकूस तयार होतंय. साला, हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

कुणी म्हणेल, बाई, मग तुला त्या सहा वर्षांच्या पोरीला दोरावर ठेवायचंय का? लोककला, वारसा वगैरे? मुळीच नाही. वारसा वारसा म्हणून गळा काढणाऱ्यांनी आपली पोरगी एकदा त्या दोरावर चढवून दाखवावी. मला ती पोरगी शाळेत पाहिजे. पण तिला खाली उतरवायची सरकारची तऱ्हा बघा. १८ एप्रिल २०११ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी घाला, धाडी टाका, मुलांचं पुनर्वसन करा, असं सरकारला सांगितलं. नेपाळातून वगैरे फसवून आणलेल्या पोरींचे जे हाल त्या प्रकरणात बाहेर आले, त्यापुढं हा निकाल योग्यच. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्या कामांची बंदी. पण त्याला दोन फटी ठेवल्या. एक, शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत. दुसरी, सिनेमा, टीव्ही, जाहिरात, खेळ यांत कलाकार म्हणून काम. सर्कस तेवढी वगळली. आता टीव्हीवरच्या स्पर्धेत सहा वर्षांचं पोर उलट्या उड्या मारतं, परीक्षक डोळे पुसतात, मायबाप पहिल्या रांगेत. ते चालतं. डोंबाऱ्याची पोरगी शाळेत नाही, म्हणून तिला शाळेनंतर ही फटही लागू नाही, आणि कॅमेरा नाही म्हणून ती कलाकारही नाही. तिच्या बापाला मात्र भिक्षा कायदा लागू आहे.

बापानं दाखला काढावा म्हणता? कोल्हाटी-डोंबारी, गोपाळ हे महाराष्ट्रात भटक्या जमाती ब गटात येतात, त्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. पण दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी कुटुंब कुठं राहत होतं याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा त्या दिवशी कोणत्या तरी गावाच्या माळावर, पालात, उद्या निघायच्या तयारीत होता, त्यानं कोणता सातबारा आणायचा? आणि अत्याचार झाला तर? १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. इथले भटके-विमुक्त बहुतेक त्याच्या बाहेर. राईनपाड्याच्या मेलेल्यांनाही त्याचं छत्र नव्हतं.

सर्कशीतल्या माणसांवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाजवळच्या नळावर झुल्यावरचीच एक बाई धुणं धूत होती. तिच्याशी बोलले. आसामची. म्हणाली, लेक तिकडं आजीकडं ठेवलाय, वर्षातून एकदा भेट. टाळेबंदीत २०२० ला तंबू महिनोन्महिने एकाच गावाला अडकून पडला, तेव्हा लोकांनी दिलेल्या तांदळावर दिवस काढले. मनगटाला कापड बांधलं होतं. जाळी असली तरी मनगट दुखतंच. ती नळावर उभी होती, तिला कुणी हटकलं नाही. नगर परिषदेनं मैदान दिलेलं, भाडं घेतलेलं, पावती फाडलेली. पावती होती म्हणून पाणी होतं, आणि पाणी होतं म्हणून इज्जत होती. डोंबाऱ्याच्या बायकोला त्याच नळावरून पिटाळलं होतं.

म्हणून आम्ही काही बायांनी मिळून एक अर्ज केलाय. बाजाराच्या चौकात खेळ करणाऱ्या फिरत्या बिऱ्हाडाला नगर परिषदेनं नाममात्र पैशात पावती द्यावी, चार दिवस उतरायला जागा आणि नळ द्यावा, पोलीस ठाण्याला त्याची प्रत जावी. बिऱ्हाड गावात असेल तितके दिवस लेकरांना शाळेत बसू द्यावं, दुपारची खिचडी द्यावी, हजेरीचा कागद पुढच्या गावाच्या शाळेसाठी हातात द्यावा. तालुक्याच्या मल्लखांब-जिम्नॅस्टिकवाल्यांनी या पोरींना फी न घेता उभं करावं. आणि आमदारांना वेगळं पत्र, की १९५९ च्या कायद्यातले गाणं, नाचणं, खेळ करणं हे शब्द आधी काढा. उरलेल्या कायद्याशी नंतर भांडू.

सह्या चालू आहेत. वस्तीत एकोणचाळीस झाल्या, मागवाल्यांच्या गल्लीत अकरा. काही घरांनी "कायले नसती भानगड" म्हणून दार लावून घेतलं, त्यांत आपलीही घरं आहेत, त्यांच्याकडं पुन्हा जाणार. होळीच्या सुमाराला बिऱ्हाडं परत या बाजूला येतात. तोवर नगर परिषदेनं तोंड उघडलं नाही तर विहाराच्या मागची मोकळी जागा आपल्या हातात आहे, तिथला नळ आपला आहे. समितीची बैठक या पौर्णिमेला आहे. जागा द्यायची की नाही, यावर तिथं हात वर करून मत घ्यायचं असं ठरलंय.